उठता येईल असा खेळ

नोकरदाराला संध्याकाळी मोकळा वेळ असतो, ही समजूत ज्यांच्याकडे बाग नाही त्यांची. माझी नोकरी सौंसरला, घर पांढुर्ण्याला आणि घरची संत्र्याची बाग गावाबाहेर. घरी पोचलं की जेवण, पोरीचा गृहपाठ, आईच्या गोळ्या. मग शेतातल्या लाईनीची वाट. शेतीची थ्री-फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की टेकायला जावं अन् आतून हाक यावी, "अहो, लाईन आली असंल, मोटर सुरू करून या ना." या सगळ्यातून जे काही उरतं, त्यात मी व्हिडिओ गेम खेळतो.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आमच्याकडे हे जरा आवाज खाली घेऊनच सांगायचं असतं. पानठेल्यावर दोन तास उभं राहून भोपाळपासून वॉशिंग्टनपर्यंतचं राजकारण निस्तरणाऱ्याला कोणी विचारत नाही की बावा, हे वय आहे का तुझं. आयपीएलचे सगळे सामने पाहणारा तर रसिकच. गेम खेळणारा मात्र पोरकट. या भेदामागचं तर्कशास्त्र मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही, आणि मीही आता विचारत नाही.

वेळ काढावा कसा, यावर सल्ले पुष्कळ मिळतात. पहाटे उठा, झोप कमी करा, वेळापत्रक भिंतीला लावा. ज्याच्या दिवसाचं वेळापत्रक वीज मंडळ आणि संत्र्याची झाडं ठरवतात, त्याने भिंतीला काय लावायचं? हळूहळू लक्षात आलं की आपल्याकडे वेळ किती, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. समोरचा गेम वेळ कसा मागतो, ते पाहायला हवं. आणि गेमने वेळ कसा मागायचा, हे त्याच्या मालकाला पैसे कसे मिळतात त्यावरून ठरतं.

आमच्या लहानपणी गावात व्हिडिओ गेमची पार्लरं होती. अंधारी खोली, दोन-तीन मशिनी, दाराला पडदा, आत पोरांची गर्दी. सगळ्यात लाडका गेम म्हणजे 'मुस्तफा'. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफावर हिंदुस्थानातल्या पोरांनी एवढा जीव लावला की गेमचंच नाव मुस्तफा पडलं. टोकन टाकायचं आणि खेळायचं. आता कळतं की तो गेम आपल्याला मारण्यासाठीच बनवलेला होता. पोरगं लवकर मेलं तर दुसरं टोकन घेणार, नाहीतर मागचं पोरगं पुढे येणार. पार्लरवाल्याचा धंदा आपल्या मरण्यावर चालायचा. त्यामुळे गेम कठीण होता, पण थोडक्यात आटपायचा. खिशातली नाणी संपली की संध्याकाळ संपली. आम्हाला वेळेचं नियोजन कोणी शिकवलं नाही, खिशाने शिकवलं.

पुढे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले. वरच्या कागदावर हजारो गेमचा दावा, आत तेच पंधरा-वीस नावं बदलून फिरणारे. तिथे पैसा एकदाच जायचा, म्हणून कितीही खेळा. अडचण अशी की खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. अमेरिकेत १९८७ साली 'झेल्डा'ची कॅसेट आली तेव्हा तिच्या आत छोटी बॅटरी बसवलेली होती. मशीन बंद केलं तरी आपण कुठवर आलो ते तिच्या लक्षात राहायचं. आमच्या स्वस्तातल्या कॅसेटींना हे वैभव कुठलं? 'कॉन्ट्रा'सारखा गेम शेवटपर्यंत न्यायचा तर एका बैठकीत. जेवायला हाक आली की पॉज दाबून टीव्ही तेवढा बंद करायचा, मशीन तसंच तापत ठेवायचं आणि घास गिळता गिळता देवाला सांगायचं की लाईट जाऊ देऊ नकोस. देव बहुतेक ऐकत नसे. पण पॉजचं बटन होतं, ही गोष्ट लहान नाही. आईने हाक मारली तर 'ओ' देता येत होती.

ते बटन हातातून गेलं मोबाइलच्या काळात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल. आमच्याकडे कपाशीच्या शेतातही नेटवर्क पोचलं आणि धुऱ्यावर बसून पोरं विमानातून उड्या मारू लागली. मीही मारल्या. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. डाव अर्ध्या तासाचा. खेळ देखणा, आवाज थरारक, सोबतचे तिघे ओळखीतले. फक्त थांबवता येत नाही. मधेच लाईन आली आणि मोटर सुरू करायला उठलो की तिघांचा डाव बिघडतो, नाही उठलो की बागेचं पाणी हुकतं. अर्धा तास म्हणजे फार नाही, पण तो सलग पाहिजे, आणि प्रपंचातल्या माणसाकडे नेमकं सलग काही नसतं. सुटे तुकडे असतात.

त्यातही डाव हा वरवरचा भाग. खरी मागणी त्याच्याभोवती असते. रोज उघडलं तर बक्षीस, आठवडाभर सलग उघडलं तर मोठं बक्षीस, सीझन संपायच्या आत अमुक कामं केली तर वेगळा पोशाख. ही सरळ सरळ हजेरी आहे. गेम फुकट दिलेला असतो. त्यामुळे आपण रोज येणं हीच मालकाची कमाई. पार्लरवाल्याला आपण लवकर मरायला हवे होतो, याला आपण कधी उठायलाच नको असतो. दिवसभर कचेरीत सही करून आलेला माणूस रात्री आणखी एका ठिकाणी सही करायला बसतो आणि त्याला विश्रांती म्हणतो.

सरकारने २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आणली. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात वेळेची मर्यादा बांधून घेऊन पुन्हा आला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६ तास. ही बातमी वाचून मी घरात मोठ्याने हसलो होतो. सहा तास! ज्या घरात सहा तासांची सलग झोप मिळत नाही, तिथे खेळण्याची कमाल मर्यादा सहा तास. हा आकडा ठरवताना टेबलाभोवती कोण बसलं होतं कुणास ठाऊक, पण त्यांच्यात संत्र्याची बाग असलेला एकही माणूस नसावा.

त्यानंतरचा कायदा जास्त कडक आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. त्या दिवशी आमच्याकडे पोळा होता, कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. पैसे खाणारे गेम त्या कायद्याने बंद केले, हे चांगलंच झालं. वेळ खाणाऱ्यांचं काय, हे कायदा विचारत नाही आणि त्याने विचारूही नये. तेवढं तरी आपल्याकडे राहू द्यावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचा जो गोटमारीचा खेळ असतो, तो साऱ्या देशाला वर्तमानपत्रातून ठाऊक आहे. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव आणि मधे दगडांचा पाऊस. गोटमारीची भलावण मी करणार नाही. दर वर्षी शेकड्याने डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, तेही लोकांनी मनावर घेतले नाहीत. पण वेळेपुरतं पाहिलं तर हा खेळ माझ्या मोबाइलपेक्षा शहाणा निघतो. वर्षातून एक दिवस, निंदण-डवरणीचा रेटा ओसरल्यावर. संध्याकाळ झाली की झाडाचा निकाल लागतो, नाहीतर दोन्ही काठ समजुतीने थांबतात, आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी लावा म्हणून कोणी निरोप धाडत नाही. पट्टी बांधलेला माणूस तिसऱ्या दिवशी कपाशीत उभा असतो.

खेळाला हंगाम असावा, ही गोष्ट मला खरं तर संत्र्याने आधीच सांगितली होती. संत्र्याला दोन बहार. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो तो आंबिया, पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग. झाड दोन्हीला तयार असतं. आपण पाणी तोडून ताण द्यायचा आणि एकच धरायचा. लोभापायी दोन्ही धरले तर दोन-तीन वर्षांत झाड खंगतं, फळ लिंबाएवढं राहतं. माझे वडील बाग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याशी बोलताना कधी दोन बहारांची बढाई मारत नसत. मी मात्र कॉम्प्युटरवर चार-चार बहार धरून बसलो होतो. ऑनलाइन दुकानांत दिवाळीला, नाताळला सवलतीचे सेल लागतात. हजारांचा गेम दोनशेत मिळतो म्हणून घ्यायचा. 'विचर ३'सारख्या गेमची नुसती मुख्य कथाच पन्नासएक तासांची. माझ्या गतीने ती संपायला आंबियापासून आंबियापर्यंतचा काळ लागतो, आणि मधे दुसरा गेम सुरू केला की पहिल्यात कोणतं बटन कशाचं होतं, हेही आठवत नाही.

आता एका वेळी एकच. तो संपेल किंवा मी त्याला सोडेन, तेव्हा दुसरा. सोडण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पुढे सरकत नसलेली कादंबरीही आपण शंभराव्या पानावर मिटतोच. कठीण पातळीचा अभिमान तरुणांना लखलाभ. मी सरळ 'सोपं' निवडतो, कारण एकाच राक्षसापुढे वीस वेळा मरायला माझ्याकडे तेवढ्या रात्री नाहीत. वाट सापडली नाही तर दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ पाहून पुढे जातो. यात फसवणूक आहे असं माझा भाचा म्हणतो. त्याला म्हटलं, "बारावीची गाईड तू काहून वापरतोस?" त्यावर तो गप्प आहे.

आणि नवा गेम घेण्याआधी त्याच्या चित्रांपेक्षा एकच गोष्ट शोधतो: यातून उठायचं कसं? पाहिजे तिथे थांबवता येतो का, थांबलो तिथूनच पुन्हा सुरू होतो का, नाही आलो तर काही बुडतं का?

या कसोटीवर मला सापडलेला सगळ्यात सोयीचा गेम शेतीचा निघाला, हा योग पाहा. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकट्या अमेरिकन माणसाने काही वर्षं खपून तयार केला आणि २०१६ मध्ये बाजारात आणला. त्यातला एक दिवस खऱ्या घड्याळाने साधारण १४ मिनिटांचा. पात्र झोपलं की खेळ जपला जातो. मोटर सुरू केली आणि ड्रिपच्या नळ्यांत पाणी पोचेपर्यंत धुऱ्यावर बसलो, तेवढ्यात एक दिवस होतो. त्यात संत्र्याचं झाडही आहे. रोप लावलं की २८ दिवसांत मोठं होतं आणि हंगामात रोज एक फळ देतं. फळगळ नाही, डिंक्या नाही, कोळशी नाही, ऐन तोडणीत भाव पाडून मागणारा व्यापारी नाही. खऱ्या झाडाखाली बसून मी ते खोटं झाड वाढवतो. बायकोने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "इथली बाग काय कमी होती?" कमी नव्हती. पण इथल्या बागेत मी बुडालो तर खरोखर बुडतो. तिथे बुडालो तर उद्या उगवतो. दिवसाच्या शेवटी माणसाला एवढी सवलत पाहिजे असते.

आपल्याकडचा म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स या चमूने २०२० साली काढलेला 'राजी'. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या पोरीची गोष्ट, भिंतींवर पुराणकथांची चित्रं, आणि सगळा गेम पाच-सहा तासांत पुरा. छोटा आहे म्हणून काहींनी नाक मुरडलं होतं. मला तोच त्याचा गुण वाटला. काही रात्रींत संपला, पोरीनेही शेजारी बसून पाहिला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एखाद्या गेमचा शेवट माझ्या वाट्याला आला.

म्हणून पुण्यात, नागपुरात, कुठेही गेम बनवत बसलेल्या आपल्या मुला-मुलींना एक सांगणं आहे. शंभर तासांचा गेम करणारे जगात पुष्कळ आहेत, त्यांच्याशी बरोबरी करू नका. पंधरा-पंधरा मिनिटांत खेळता येईल, हाक आली की आहे तिथे ठेवून उठता येईल आणि चार दिवस आलो नाही तर रुसणार नाही, असा एखादा करा. फुकट नको, वाजवी किंमत लावा आणि एकदाच घ्या. पांढुर्णा-सौंसरकडे गिऱ्हाईक आहे.