24 मिलिमीटरच्या बटणास अनावृत पत्र

प्रिय 24 मिलिमीटरच्या बटणा,



टेबलावर ठेवायची छोटी आर्केड पेटी घरी बनवतोय. तिच्या पॅनेलवर खेळायची सगळी बटणं तुझ्याच मापाची बसवावीत असा माझ्या धाकट्या भावाचा हट्ट आहे. पेटी लहान तर बटणही लहान, असं त्याचं म्हणणं. मी मात्र ती जागा तुझ्या थोरल्या भावंडाला, 30 मिलिमीटरच्या बटणाला देणार आहे. का, ते तुला तोंडावर सांगतो. आणि उघड्यावर सांगतो, कारण अशी पेटी करायला घेतलेला माणूस जागेची मोजमापं करताना आज ना उद्या तुझ्यापाशी येतोच.

भावाची बाजू आधी मांडतो. पॅनेल 40 सें.मी. रुंद. दोघांनी खेळायचं, म्हणजे दोन जॉयस्टिक आणि प्रत्येकाला तीन-तीनच्या दोन ओळींत सहा बटणं. 30 वाल्यांची केंद्रं साधारण 36 मि.मी. अंतरावर ठेवली तर माझ्या आराखड्यात 41 सें.मी. लागतात. म्हणजे सेंटिमीटरभर जागा कमी. तुझी केंद्रं 30 मि.मी. अंतरावर चालतात, आणि मग सगळं 38 च्या आत मावतं. कागदावर तू जिंकलास.

पण वाचवलंस किती तेही बघ. 30 मि.मी. हे भोकाचं माप. वरची कड धरून ते बटण 33 च्या आसपास जातं. तीन बटणांची ओळ झाली 105 मि.मी. तुझी कड 27 च्या आसपास, ओळ 87. फरक माणशी 18 मि.मी.चा! एवढ्यासाठी बारा बटणं बदलायची? आणि 40 सें.मी. ही जेमतेम एका मोठ्या माणसाच्या खांद्यांची रुंदी. त्या पॅनेलसमोर दोन माणसं बसली की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. तू मावलास म्हणून माणसं मावत नाहीत. अडचण खांद्यांची आहे आणि आपण कात्री बटणांना लावतोय.

त्यावर तोडगा पेटी बनवणारे पूर्वीपासून काढत आलेत: पेटी तेवढीच ठेवायची आणि पॅनेल दोन्ही बाजूंनी बाहेर काढायचं. आमचं आता 48 सें.मी.चं होईल. दिसायला जरा पंख फुटल्यासारखं दिसेल, दिसू दे. खोलीतही तू वाचवतोस सव्वा सेंटिमीटरच, आणि मनगट टेकायला पुढे जी जागा लागते ती तशीही तुझ्याकडून मिळायची नाही.

आता हाताचं सांगतो. खेळताना नजर पडद्यावर असते, बोटं अंदाजाने पडतात. हा अंदाज चुकायला किती वाव द्यायचा, बटणाच्या मापाचा सगळा प्रश्न एवढाच आहे. तुझी दाबायची टोपी तर तुझ्या नावातल्या आकड्याहूनही लहान. बोट जरा सरकलं की कडेवर आपटतं. 1983 च्या कोनामीच्या ‘ट्रॅक अँड फील्ड’मध्ये पळण्यासाठी दोन बटणं आळीपाळीने बडवावी लागत, तिथे तुझी काय गत झाली असती? 1987 च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’ची एक आवृत्ती दोन मोठ्या रबरी गाद्यांची होती; ठोसा जितका जोरात मारावा तितका पडद्यावरचा फटका जोराचा. ते टिकलं नाही. सहा बटणांची मांडणीच पुढे चालली आणि 1991 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 2’ने ती जगभर नेली: वर तीन ठोसे, खाली तीन लाथा, हलक्यापासून जोराच्यापर्यंत. आमचं पॅनेल सहाचं आहे ते या एका खेळापायी. ‘पॅक-मॅन’ला खेळायला एकही बटण लागत नाही, ‘डाँकी काँग’ला उडीचं एक पुरतं. आमच्या पिढीचा खेळ म्हणाल तर कॅपकॉमचा 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण हे नाव आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कोणाच्या तोंडी होतं? त्यातल्या एका पात्रावरून तो ‘मुस्तफा’च. त्याला मार आणि उडी ही दोन बटणं, आणि फारच गराडा पडला तर दोन्ही एकदम.

इथे तुझा एक गुण कबूल करायला हवा. दोन बटणं एकदम दाबायची असतील तर तू जवळ जवळ बसतोस म्हणून सोयीचं पडतोस; एकाच अंगठ्यात दोघं येतात. लहान मुलांच्या हातालाही तू बरा. आणि जॉयस्टिक काढून टाकून दिशाही बटणांनीच द्यायच्या अशा लिव्हरलेस कंट्रोलरवर तर तुझंच राज्य असतं; थोरल्याला तिथे बहुधा उडीपुरतं एक स्थान मिळतं. पण तिथे बोटं आपापल्या बटणावर टेकलेली असतात. माझ्या पेटीवर उजवा हात सहा बटणांवर भिरभिरणार आहे.

थोरल्याला घ्यायचं ठरलं तरी कोणतं, हा घोळ राहतोच. अमेरिकी धाटणीचं बटण, म्हणजे हॅप या कंपनीच्या घराण्यातलं, वरून खोलगट, खाली लांब आटे आणि त्याखाली मायक्रोस्विच. दणकट आहे, पण उथळ पेटीत ते पार तळाशी जाऊन तारांवर बसतं. म्हणून जपानी. सान्वा या कंपनीचं ओबीएसएफ-30 वरून दाबलं की खटकन बसतं, पण त्याच्या कडेच्या चिमट्या पातळ पत्र्यासाठी आहेत. 12 मि.मी.च्या एमडीएफमध्ये त्या धरत नाहीत. मग एक तर लाकूड खालून कोरून भोकाभोवती पातळ करायचं, नाहीतर नटवालं ओबीएसएन-30 घ्यायचं. कोरलेलं एमडीएफ ‘मुस्तफा’ खेळणाऱ्या माणसाच्या हाताखाली किती टिकेल याची मला खात्री वाटत नाही, म्हणून मी नटवालं घेतोय. आट्यांची लांबी पॅनेलच्या जाडीशी आधी ताडून पाहायची, आणि सनमायका लावणार असाल तर त्याचीही जाडी धरायची.

टर्मिनलही बघायला हवीत. जपानी बटणांना 2.8 मि.मी.ची, अमेरिकी मायक्रोस्विचला बहुधा 4.8 ची. दोन घराणी एकाच पॅनेलवर आणली की तारांची टोकंही दोन जातींची लागतात. तू आणि थोरलं एकाच घरातले, तुमची टोकं सारखी. तुला घरात ठेवण्याचं तेही एक कारण.

आवाजाचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर बटणांची टकटक भिंतीपलीकडे जाते. सान्वाचं ओबीएसएफएस नावाचं आवाज दाबलेलं बटण मिळतं, पण ते पुन्हा चिमट्यांचं. शेजारी की लाकूड, यात मी तूर्त लाकूड निवडलंय. आणि आतून दिवा लागणारी बटणं भावाने सुचवलीच होती. त्यांच्या दिव्यांना वेगळ्या तारा ओढाव्या लागतात आणि खेळताना तिकडे बघायला कोणाला सवड असते? नकोत.

तर तुझं काम. दोघांचे दोन ‘स्टार्ट’ आणि नाण्याची दोन, अशी चार जागा तुझ्या. पेटीतले खेळ चालवणाऱ्या रेट्रोपाय या प्रणालीत ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ एकदम दाबलं की चालू खेळ बंद होतो, आणि नाण्याचं बटण म्हणजेच तिथलं ‘सिलेक्ट’. म्हणून ही दोन एकमेकांशेजारी अजिबात नकोत. हात चुकून पडला आणि शेवटच्या राक्षसासमोर खेळ गेला तर घरात भांडण होईल. ‘स्टार्ट’ वर पॅनेलच्या मागच्या कडेला आणि नाण्याचं खाली पुढच्या उभ्या फळीवर, असं ठरवलंय. या कामाला तुझं लहान असणंच हवं आहे. इथे हात सहजासहजी पडू नये.

भोकं पाडण्याआधी आराखडा पूर्ण मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवणार आहे, पट्टीने मोजून, कारण प्रिंटर गुपचूप माप आक्रसतात. पुठ्ठ्यात दोन्ही मापांची भोकं कापून भावाला दोन्हींवर ‘स्ट्रीट फायटर 2’ खेळायला लावीन. तरीही तो तुझ्याच बाजूने राहिला तर त्याच्या बाजूच्या पंखावर तुझी सहा बसवून देईन, माझ्या बाजूला नाही. तुझे दहा नग मागवतोय, लागले नाहीत तर सुटे म्हणून राहतील.

कळावे,

तुझा
एक पेटीवाला