सोनेरी माशांचा शाकाहार

काचेच्या पेटीत सोनेरी मासे पाळणाऱ्या शाकाहारी कुटुंबापुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच: ह्यांना खावयास काय घालावयाचे? कुत्र्याला दूधभात चालतो, पोपट पेरूवर खूष असतो. परंतु दुकानदार माशांबरोबर जी पुडी हाती ठेवतो तीत वाळवलेल्या तांबड्या अळ्या असतात, आणि ती पुडी घरात ठेवावयाची कोठे येथपासूनच मतभेदास प्रारंभ होतो. आमच्या घरी तो आत्याबाईंनी केला. एक जीव जगवावा म्हणून दुसरे शंभर जीव वाळवून विकत आणावयाचे, ह्यात पुण्य ते कोणते, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किडा लहान, म्हणून त्याचा जीव स्वस्त, हे तर्कशास्त्र आम्हांसही फारसे पटत नाही.

सुदैवाने हा मासा शाकाहारास अगदीच परका नाही. कुळाने तो आपल्या रोहू-कटल्यांचा भाऊबंद. चीनमध्ये सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, सोंग घराण्याच्या राजवटीत (९६० ते १२७९), तळ्यांतील करड्या माशांत क्वचित दिसणारे पिवळे-तांबडे मासे लोकांनी निवडून वेगळे राखले; त्यांचेच वंशज सतराव्या शतकात युरोपात पोहोचले. ह्या कुळाचा मूळचा आहार म्हणजे शेवाळ, कोवळी पाने, चिखलातील अळ्या, सूक्ष्म जलचर, म्हणजे जे तोंडाला लागेल ते. जबड्यात दात नाहीत. आहेत ते घशात, आणि तेथेच घास भरडला जातो. जठर तर त्यास मुळीच नाही. घास घशातून निघाला की थेट लांबलचक आतड्यात. त्यामुळे दिवसभर थोडेथोडे टिपत राहणे हा त्याचा धर्म. माणूस दिसताच तो काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि आपण कळवळून म्हणतो, ‘भुकेला आहे बिचारा!’ भुकेला असेलच असे नाही. अन्न शोधीत फिरणे हा ज्याचा दिवसभराचा उद्योग, त्याची ती सवय आहे. ही गोष्ट घरातील मुलांस समजावून सांगणे फार कठीण. पाहुण्यांस समजावणे त्याहून कठीण.

भाज्यांचा प्रयोग आम्ही मटारापासून केला. दाणा मऊ शिजवावा, वरचे साल काढावे, आतील डाळ बोटाने चेपून पाण्यात सोडावी. पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून घेतले म्हणजे पुरते. काकडीची वा दुधीची पातळ चकती तरंगते, म्हणून तिला काही जड वस्तू बांधून तळाशी ठेवावी लागते. भाजी स्वच्छ धुतलेली हवी, मीठमसाला नको, हे सांगावयास नकोच. मासा तुकडा तोंडात घेतो, घोळवतो, थुंकतो, पुन्हा उचलतो. मंडईत वांगे हातात घेऊन तीनदा खाली ठेवणाऱ्या गृहिणीची आम्हांस त्या वेळी हटकून आठवण होते. तो भाजी नाकारीत आहे असा समज करून घेऊ नये. चिखलातून खाद्य निवडून घेण्याची त्याच्या कुळाची हीच रीत आहे. उरलेले मात्र तास-दोन तासांत काढून टाकावे. अन्न कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो. मासा स्वतःही कल्ल्यांवाटे तोच टाकीत असतो, आणि तो त्यास विषासमान आहे. लहान भांड्यात हे विष साठावयास वेळ लागत नाही.

पोळीचा कुस्करा आणि पाव ह्यांचा मात्र आम्ही कडक निषेध करतो. महाडजवळच्या वाळण कोंडीत भाविक लोक देवीच्या माशांना चुरमुरे घालतात, मग आमच्या माशांनी काय घोडे मारले, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले होते. तेथे काळ नदीचे वाहते पाणी आहे आणि हातभर लांबीचे मासे आहेत. आमच्याकडे दोन हात लांबीची पेटी आहे.

गेल्या थंडीत पेटीतील सर्वांत गोल मासा एके दिवशी कुशीवर तरंगू लागला. ह्या गोल जाती मनुष्यानेच हौसेने घडविलेल्या. अंग आखूड करता करता आतडे आणि वाताशय, म्हणजे पोटातील हवेची पिशवी, ही एकमेकांवर दाटली, आणि मग तोल जाण्यास थोडे निमित्त पुरते. धाकटा पुतण्या शाळेतून आल्यावर पेटीपाशी बसून राहिला, जेवावयास उठेना. आत्याबाईंनी चष्मा लावून रोग्यास न्याहाळले आणि निदान केले, “अरे, ह्याचे पोट बिघडले आहे. लंघन द्या.” पाश्चात्य मत्स्यपालकांत ह्या दुखण्यावर मटार प्रसिद्ध आहे. आम्ही तीन दिवस लंघन दिले आणि चौथ्या दिवशी मटार. पाचव्या दिवशी मासा सरळ पोहू लागला. श्रेय कोणाचे? आमचा कल लंघनाकडे आहे, पुतण्याचा मटाराकडे. तेव्हापासून आत्याबाईंनी माशांना आपल्याबरोबर सोमवार लावून दिला आहे, आणि प्रौढ, सुदृढ माशास आठवड्यातून एक दिवसाचा उपास मुळीच बाधत नाही.

इतके झाल्यावर मासे पुरते शाकाहारी करून टाकावे, असा आग्रह घरात झाला. तो आम्ही मानला नाही. मटार-पालक ही त्यांची भाजी आहे, जेवण नव्हे. वाढत्या पिलांस तर प्रथिने भरपूर लागतात, आणि बाजारच्या दाण्यांतही बहुधा माशांचीच भुकटी असते. व्रत घेणाराने ते स्वतः घ्यावे. काचेत कोंडलेल्या प्राण्यास दुसरीकडे चरावयास जाण्याची सोय नाही. आत्याबाईंना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली: माशाचा तो सोनेरी रंग अन्नातील रंगद्रव्यांतून येतो, आणि ती मुळात शेवाळाची व वनस्पतींची देणगी आहे, अळीच्या अंगी असली तरी ती तिने तेथूनच उसनी घेतलेली असते. त्या म्हणाल्या, “मग अळीला मधे कशाला घ्यायची?” ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

सध्या तह झाला आहे. अळ्यांची पुडी स्वयंपाकघराबाहेर, गॅलरीतल्या फळीवर असते आणि आठवड्यातून दोनदाच उघडते. मटाराची उसळ असली की मीठ पडण्यापूर्वी आत्याबाई चार दाणे वाटीत काढून ठेवतात आणि त्यांची साले स्वतः सोलतात. अळ्यांचा वार असला म्हणजे त्या देवघरात जपमाळ घेऊन बसतात, आणि माशांनी आज काय खाल्ले हे विचारीत नाहीत.