पक्षी सप्ताहातली घुबडं

५ नोव्हेंबर २०२३, रविवार
आज वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. १२ तारखेला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. यंदा तो संपतो नेमका लक्ष्मीपूजनाला, आश्विन अमावास्येला. याच दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडांना मागणी वाढते. नखं, पिसं, कवटी, सगळ्यालाच गिऱ्हाईक असतं. म्हणून शाळेत यंदा घुबडाचाच विषय घेतोय. आमच्या सोनारी गावात भैरवनाथाच्या आवारातल्या माकडांना लोक हातानं खाऊ घालतात. गावात मुक्या जिवांची माया आहेच. घुबडाच्या वाट्याला मात्र ती आलेली नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार
पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी आहे. तिथून घुबडांनी ओकलेल्या काळ्या गोळ्या वेचून आणल्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुरुजी, त्याला दगड मारू नका बरं. ते दगड पाण्यात नेऊन टाकतं, अन् दगड झिजंल तसा माणूस झिजतो." या धाकानं पोरांचे दगड थांबले असतील, पण मांत्रिकाचं दुकानही त्याच धाकावर चालतं. घुबडात अघोरी शक्ती आहे असं एकदा मानलं, की ती विकत घेणाराही निघतो. ही भीती नुसत्या उपदेशानं जायची नाही. घुबड काय खातं, कसं जगतं, हे मुलांना हाताळून कळायला हवं.

८ नोव्हेंबर, बुधवार
गोळ्या पाण्यात भिजवून मुलांनी सुईनं सोडवल्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस ओकून टाकतं. एका गोळीतून तीन कवट्या निघाल्या. दोन कवट्यांचे पुढचे दात नारिंगी, म्हणजे उंदीर. तिसरी निमुळती, दात पांढरे; ती चिचुंद्रीची. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे आमच्याच रानातले उंदीर असतील!" यंदा पाऊस ओढलेला, ज्वारीचा दाणा न् दाणा मोलाचा. तिच्या बोलण्यावर वर्ग एकदम गप्प झाला आणि मग प्रश्नांची झुंबड उडाली.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीची गोष्ट सांगितली. तिथे २०१८ मध्ये डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशननं घुबडांचा उत्सव भरवला. ज्याला माणसं अशुभ म्हणतात, त्या पक्ष्यासाठी एक खेडं सजलं. मग कायदाही सांगितला: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. अनोळखी माणसानं घुबडाची ढोली विचारली तर? दाखवायची नाही, घरी सांगायचं आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. मुलांकडून नंबर पाठ करून घेतला.

१२ नोव्हेंबर, रविवार
आज लक्ष्मीपूजन. ज्या देवीची पूजा, तिच्याच वाहनाचा, घुबडाचा, त्याच रात्री बळी द्यायचा, हे मनाला पटत नाही. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला ढोली सहजी सापडत नाही. ती दाखवतो गावातलाच कुणी, चार पैशांसाठी नाहीतर भोळेपणानं. म्हणजे या धंद्याची पहिली कडी खेड्यात आहे आणि ती तोडणंही खेड्याच्याच हातात आहे. येत्या ग्रामसभेत दोन मागण्या मांडणार आहे: १९२६ हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवावा, आणि ढोली असलेलं जुनं झाड सभेला विचारल्याशिवाय कुणी तोडू नये.