टायरला आलेलं टेंगूळ

माणसाच्या अंगावरच्या जखमेबद्दल सल्ला देताना लोक थोडेतरी बिचकतात. 'एकदा डॉक्टरला दाखवून टाका' असं म्हणून अंग काढून घेतात. टायरच्या जखमेबाबत अशी भीड कोणी बाळगत नाही. त्यातून पुण्यासारखं गाव! जिथे मूल पाळण्यातून उतरतं ते थेट पेट्रोलच्या टाकीवर बसतं, तिथे टायर या विषयातला अडाणी माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरला गेल्या पावसाळ्यात जखम झाली. आमच्याकडे रस्ता करतात आणि डांबर वाळायच्या आत तो खणायला घेतात. अशाच एका खणकामातून डोकावणाऱ्या लोखंडी पट्टीने टायरच्या बाजूच्या भिंतीला दीड इंचाची चीर पाडली. दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढं टेंगूळ आलं. गंमत म्हणजे हवा एक पौंडही कमी झाली नव्हती. पंक्चर झालं की बरं असतं. टायर बसतो आणि प्रश्न मिटतो. हा टायर उभा होता, नक्षीही निम्मी शिल्लक होती. नव्याचा भाव दोन हजारांच्या पुढे. आणि रविवारी भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्याला जायचं होतं. मागे सौभाग्यवती, तिच्या मांडीवर आहेराची पिशवी आणि वाटेत खंबाटकी.

गाडी खाली उभी करून मी टेंगळाकडे बघत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे अण्णा आले. अण्णांनी चाळीस वर्षं स्कूटर चालवली आहे. त्यांनी टेंगूळ अंगठ्याने दाबलं, आंबा पिकलाय का बघावं तसं.

"काही होत नाही हो! आत ट्यूब टाका, चिरेपाशी जुन्या टायरचा तुकडा लावा. गेटर म्हणतात त्याला. आम्ही गेटरवर महाबळेश्वर केलंय."

अण्णांच्या स्कूटरला स्टेपनी होती, हे ते सोयीस्करपणे विसरले. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, ते वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून. 1904 साली तिथे अशी जादा चाकं बनवायला सुरुवात झाली. मोटारसायकलवाल्यांना मात्र या शोधाचा काही लाभ नाही. आमची जादा चाकं म्हणजे आमचे दोन पाय.

मग दुसऱ्या मजल्यावरचे जोशी आले. त्यांचं मत, हवा थोडी कमी ठेवा म्हणजे टेंगळावर ताण येणार नाही. मूळचे कोल्हापूरचे एक गृहस्थ नुसतंच "चालतंय की!" म्हणून पुढे गेले. या दोन शब्दांवर आपल्याकडे पूल, लिफ्ट आणि लग्नं इतकी वर्षं टिकून आहेत, तिथे टायरचं काय घेऊन बसलात?

मी स्वभावाने शंकेखोर, म्हणून टायर वाचायला बसलो. टायरच्या भिंतीवर इतका मजकूर असतो आणि तो आपण कधीच वाचत नाही. माझ्या टायरवर 100/90-17 असं होतं. म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के, आणि रिम 17 इंचांची. पुढे 55P. यातल्या 55चा अर्थ हा टायर 218 किलो वजन पेलतो, आणि P म्हणजे ताशी 150 किलोमीटर वेग सोसतो. माझ्या गाडीने साठाच्या पुढचा वेग फक्त काट्यावर छापलेला पाहिला आहे. मग लंबगोलात चार आकडे, 1421. म्हणजे 2021 सालच्या चौदाव्या आठवड्यातला जन्म. पत्रिकाच ती! फक्त मृत्युयोग तेवढा लिहिलेला नव्हता.

तो कळला शिकणाऱ्या पुतण्याकडून. तो म्हणाला, "काका, रबर नुसतं हवा धरतं आणि रस्ता पकडतं. जोर असतो आतल्या नायलॉनच्या दोऱ्यांचा. टेंगूळ आलं म्हणजे तिथले दोरे तुटले. आता चौरस इंचाला 28 पौंडांचा दाब एकटं रबर अडवतंय." धोतर फाटल्यावर माणूस नुसत्या अब्रूवर उभा असतो, तसंच हे. हवा कमी ठेवण्याचा जोशांचा उपायही त्याने निकालात काढला. हवा कमी म्हणजे भिंत जास्त वाकणार, जास्त तापणार, आणि राहिलेले दोरेही जाणार.

मग मी हिशेब मांडला. हे चाक किलोमीटरला सुमारे 520 वेळा फिरतं. सातारा 110 किलोमीटर. म्हणजे ते टेंगूळ जाताना 57 हजार वेळा दबणार आणि सुटणार. त्यातली एकच वेळ निवडायला त्याला पूर्ण मोकळीक होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतला 94 क्रमांकाचा नियमही वाचला. आतलं कापड उघडं पडलेला किंवा एखाद्या ठिकाणी फुगून निकामी व्हायची लक्षणं दाखवणारा टायर चांगल्या स्थितीतला धरायचा नाही, असं तो म्हणतो. सरकारी भाषेत टेंगळाचं इतकं हुबेहूब वर्णन वाचून मला भरून आलं.

तरी दोन हजार रुपये डोळ्यांपुढून हलेनात. म्हणून मी अखेरची परीक्षा घेतली. अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही म्हणता तर ठीकच असणार. बसा मागे, कात्रजपर्यंत एक चक्कर मारून येऊ."

अण्णांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला. जोशांना बँकेचं काम आठवलं. रविवारी, टेंगळावर हिला बसवून खंबाटकी चढावी असं मानणाऱ्या या दोन तज्ज्ञांपैकी एकही कात्रजपर्यंत यायला तयार नव्हता. माझा निर्णय तिथेच झाला.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला फार बोलत नाही. त्याने चाक फिरवलं, चीर पाहिली. मी विचारलं, "मश्रूम लावून नाही भागणार?"

"काका, खिळा मधे घुसला असता तर लावला असता. बाजूच्या भिंतीला लागत नाही. पैसे घेईन मी, पण मग काकूंना मागं बसवू नका."

ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळणार तोच नको म्हणतो, तेव्हा शहाण्याने पाकीट काढावं. नवा टायर बसला. नवीन टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, जपून चालवा, हेही त्याने बजावलं. त्यामुळे साताऱ्याला आम्ही एसटीने गेलो. पिशवी हिच्याच मांडीवर होती.

जुन्या टायरचं काय करायचं, हा प्रश्न उरला. "गॅलरीत ठेवायचा नाही हं," ही म्हणाली, "पाणी साठतं, डेंग्यूचे डास होतात." पंक्चरवाला म्हणाला, "राहू दे इथंच. कुणी ना कुणी येतंच स्वस्तातला मागायला."

मी त्याच्याकडून सुरी मागून घेतली आणि टेंगळाच्या दोन्ही बाजूंनी टायरची भिंत चांगली हातभर फाडली. अण्णा बघत होते. हळहळून म्हणाले, "अहो, चांगला होता की!"