शिंगटीला लोखंड कळतं

जामसरच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचं नाव राज्यभर गाजत होतं. जीपगाड्या यायच्या, माणसं वजनकाटे घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायची. मी घाटावरचा, त्या पावसाने पार चिंबलेला. अशात शेजारच्या पाड्यावरच्या एका वारली म्हाताऱ्या बाईने मला खाऊ घातलं. कणगी तळाला गेलेली, नागली अजून शेतात उभी, तरी तिच्या चुलीवर जे शिजे त्यातलं वाटीभर माझ्या खोलीवर येई. बहुतेकदा मासेच. मी तिला आजी म्हणे, ती मला गुरुजी.

पोटाचं हे देणं एक वेळ हिशेबात बसवता येईल. दुसरं बसत नाही.

रात्री ओहोळाच्या गढूळ पाण्यात दगडांखाली हात घालून ती शिंगट्या धरायची. काठी बांबूची, टोपला बांबूचा. कोयता मात्र काठावरच्या झाडात रोवून ठेवलेला. का, म्हणून विचारलं.

"लोखंड नाय न्यायचं पाण्यात. शिंगटीला कळतं."

"पण आजी, गळ लोखंडाचाच असतो की."

"तो गांडुळात लपवतात, गुरुजी."

यावर बी.एस्सी.वाल्यापाशी उत्तर नव्हतं. पण प्रश्न माझ्याबरोबर बदलीच्या गावी आला, आणि त्याच्या मागे लागून मी जे वाचलं ते एरवी कधीच वाचलं नसतं. अमेरिकेत पार्कर आणि व्हॅन ह्यूसन यांनी 1917 साली मिशाळ माशांचे डोळे झाकून प्रयोग केले होते. काचेची कांडी अगदी अंगाला लागेपर्यंत मासा स्वस्थ. धातूची कांडी मात्र काही सेंटिमीटर लांब असतानाच त्याला उमगायची. पाण्यात धातू बुडाला की बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि या कुळातल्या माशांच्या कातडीतले सूक्ष्म खळगे तो टिपतात. शिंगटी याच कुळातली.

तिथून वाट आफ्रिकेला गेली. तिथला जिम्नार्कस शेपटीतल्या अवयवातून सेकंदाला सुमारे 300 वेळा अगदी क्षीण वीज सोडतो आणि आपल्याभोवतीच्या त्या विद्युतक्षेत्रात कुठे काय बिघडलं यावरून अंधारातला दगड, मासा, झाडाचं मूळ ओळखतो. केंब्रिजच्या हान्स लिसमन यांनी 1951 मध्ये हे जगापुढे आणलं. त्यांनी टाकीत तांब्याची तार बुडवली तर मासा मागे सटकायचा. आजीची शिंगटी नुसती ऐकते, हा बोलून ऐकतो. त्याच्या भाऊबंदांपैकी मॉर्मिरिड मासे या विजेनेच जोडीदाराला हाक घालतात आणि तिथला मांगूर ती चोरून ऐकून त्यांना गट्ट करतो. 2000 साली आपल्याकडे बंदी आली तरी चोरून पाळला जातो, तोच हा आफ्रिकन मांगूर. आपल्या नद्यांतलं चालट या मॉर्मिरिडांच्या नात्यातलं, पण त्याला विजेचा हा कान नाही. नात्यागोत्यात असं असायचंच.

पुढे एका सुट्टीत जामसरला गेलो. आजी थकली होती, पण ओटीवर बसून नागली पाखडत होती. मी हातवारे करून तिला आफ्रिकेतला मासा सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. प्रयोगाचं, केंब्रिजचं फारसं अप्रूप वाटलेलं दिसलं नाही.

"खातात तो?"

"खातात. तिकडे आवडीने खातात."

"धरतात कशानं?"

काटक्या विणून केलेले सापळे असतात, जाळीही असतात, असं मी सांगितलं.

"काटक्यांचे ना?" ती म्हणाली. "म्हंजे त्यांनाबी ठाव हाय." आणि सुपातला भुसा फुंकून टाकत तिने विचारलं, जेवून जाणार की लगेच निघणार.