बारा रिकामे क्रेट

गाडी बघायला आलेला माणूस काखेत अंड्यांचा रिकामा ट्रे घेऊन आला होता. इंजिन चालू करून दाखवतो म्हटलं, तर म्हणाला, "ते नंतर." आधी त्याने मागचं दार वर केलं, ट्रे आत ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागला. आडवे किती, उभे किती, थर किती. मागच्या चाकावरचा पत्र्याचा उंचवटा आत येतो तिथे ट्रे तिरका झाला, तशी त्याच्या कपाळाला आठी पडली. ट्रे फिरवून घातला, आठी गेली. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बसतंय."

भाव त्यानंतर ठरला आणि फार ताणला गेला नाही. इंजिनाचा आवाज त्याने ऐकला तो चहा पिऊन झाल्यावर, अगदी उपचार म्हणून.

अठरा वर्षं मी त्याच गाडीत पाव, खारी, टोस्ट आणि नानखटाई मोजत आलो. आमच्या लेखी ती अठ्ठावीस क्रेटची गाडी. तीच गाडी दुसऱ्या कुणाला अमुक इतक्या ट्रेची दिसू शकते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तो माणूस ट्रे परत काखेत मारून निघाला, तेव्हा गाडी अजून आमच्याच दारात उभी होती, पण तिचं माप बदलून गेलं होतं.

आमचं घर पावाच्या लाइनीवर चालतं. बेकरीतून माल उचलायचा आणि किराणावाले, चहाच्या टपऱ्या, हॉटेलं यांना पोचवायचा. ह्याला लाइन म्हणतात. ही लाइन अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सायकलवर सुरू केली. मागे कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप. मग भाड्याची लोडिंग रिक्षा आली. स्वतःची गाडी घ्यायची ठरली २००६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी टाटांची एस बाजारात आली होती आणि शहरात ज्याला त्याला छोट्या हत्तीने झपाटलं होतं. नाव तरी काय बेतलंय! कुणा जाहिरातवाल्याला सुचणार नाही, ते रस्त्यावरच्या लोकांनी ठेवलं. २००५ हे साल ह्या बाबतीत मोठं गमतीचं. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकी गाड्या इथे बनवायला घेऊन ज्या कंपनीने आपल्याला 'टेंपो' हा शब्द दिला, त्या पुण्याच्या बजाज टेंपोने त्याच वर्षी नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. पाटीवरून टेंपो उतरला, तोंडातून काही उतरला नाही. आमची ओम्नी काय किंवा शेजारच्या टेंट हाउसवाल्याचा छोटा हत्ती काय, गल्लीतल्या बायका दोन्हींना टेंपोच म्हणायच्या आणि "तुमचा टेंपो जरा पुढं घ्या" म्हणून दोन्हींना सारखंच हाकलायच्या.

सगळे सांगत होते, हत्ती घ्या. अण्णांनी ऐकलं नाही. त्यांचं कारण कुठल्याही शोरूममध्ये पटलं नसतं. म्हणाले, "दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन थरथरतंय. खारीचा चुरा होईल." ओम्नीचं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं पेट्रोल इंजिन त्या मानाने शहाणं. शिवाय वरून झाकलेली. पावसात ताडपत्री बांधत बसायला नको.

ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि १९८८ मध्ये ओम्नी झाली. हिंदी सिनेमाने तिला पोरं पळवणाऱ्यांची गाडी म्हणून बदनाम केलं. सरकतं दार, झटकन उघडतं, झटकन लागतं. आम्ही त्याच दाराने वीस सेकंदांत लादी पाव उतरवायचो आणि त्यातही एक खुबी होती. दार नुसतं ओढलं तर शेवटच्या दोन बोटांवर अडायचं. आधी किंचित उचलून घ्यायचं, मग ढकलायचं. नवा पोऱ्या कामाला लागला की पहिला आठवडा त्याचं हेच शिक्षण. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की भांड्यावरचं झाकण काढल्यासारखं सगळं समोर. जानेवारीच्या पहाटे मांडीखाली शेगडी पेटवल्यासारखी ऊब मिळायची. एप्रिलमध्ये तीच शेगडी जीव नको करायची. पण गरम पावाचा वास आणि खालून येणारी इंजिनाची धग एकत्र झाली की गाडीत जो काही वास तयार व्हायचा, तो मला पुन्हा कुठे मिळेल असं वाटत नाही. चांगला होता असंही नाही म्हणणार मी. पेट्रोल, वनस्पती तूप आणि यीस्ट. चांगला कसा असेल?

गाडीत अठ्ठावीस क्रेट बसायचे. एकोणतिसावा शेजारच्या सीटवर, आणि मग पोऱ्याने मागच्या मागे यायचं. ह्या अठ्ठाविसांनी आमचं घर चालवलं आणि अडवलंही. नवं गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याची पत, त्याची जागा, उधारीची सवय ह्यातलं काही विचारायच्या आधी मनात क्रेट मोजायचे. पडेगावचा एक हॉटेलवाला दोन वर्षं मागे लागला होता. त्याला रोज दोन क्रेट हवे होते. दोन क्रेट म्हणजे दुसरी फेरी, दुसरी फेरी म्हणजे दुसरं पेट्रोल. नाही म्हणून सांगितलं. आम्ही समजत होतो की आपण समाधानी माणसं आहोत, हाव करत नाही. आता वाटतं, आमचं समाधान पत्र्याच्या मापाचं होतं.

आणि त्या पत्र्याचं माप ह्या गावाच्या मापाशी जुळलेलं होतं, हेही खरं. मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आमचं औरंगाबाद, वसवली, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. नंतरच्या काळात तट आला, दरवाजे वाढले, बावन्न दरवाज्यांचं गाव म्हणून नाव झालं. ते सगळं बांधणाऱ्यांनी हत्ती-घोड्यांचा विचार केला असेल, पाववाल्यांचा नाही. पण शहागंजातून सराफ्यात, सिटी चौकातून गुलमंडीवर, आणि तिथून ज्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं पाय सोडून बसतात तिथे, ओम्नी शिरायची. आरसा आत दुमडला की झालं. मकाई दरवाज्यातून खाम नदीच्या अरुंद पुलावर समोरून रिक्षा आली, तरी दोघांनी थोडं थोडं अंग चोरलं की निभावून जायचं. पुढे बेगमपुऱ्यात साडेसहाच्या आत माल पोचला नाही, तर चहावाला न बोलता फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. सुरक्षिततेचे नवे नियम आले आणि जिच्यात चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे जवळपास सरळ रस्ताच असतो, ती गाडी त्या नियमांत कशी बसणार? मी ही बातमी बेकरीच्या दारात, माल भरताना वाचली. गुडघ्यांकडे बघितलं. तेरा वर्षं असाच बसत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. तरी आणखी पाच वर्षं काढली. म्हाताऱ्या गाडीला दरवर्षी पासिंग. करोडीच्या ट्रॅकवर रांगेत उभं राहायचं आणि पोरीच्या बघण्याच्या कार्यक्रमासारखं तिला नटवून न्यायचं. नळाला पाणी येईल त्या दिवशी धुवून ठेवायची, कारण आमच्याकडे पाणी येण्याच्या दिवसावर पासिंगची तारीख ठरत नाही. शेवटी पायाखालची मॅट एकदा झाडायला उचलली, तर खाली पत्राच नव्हता. दुसऱ्या दिवशी जालना रोडवर मॅट बाजूला सारून बघितलं. माझ्या दोन पावलांच्या मध्ये तळहाताएवढा रस्ता पळत होता. पोऱ्या हसला. मला नाही हसू आलं.

इको कार्गो घेतली. सीएनजीवाली घ्यावी असं धाकट्याचं म्हणणं होतं, पण पंपावरच्या रांगा बघून मी पेट्रोलवरच ठाम राहिलो. गाडी ओम्नीपेक्षा लांबीला एक फूट जास्त, रुंदीला अडीच इंच. कागदावर वाचताना अडीच इंच म्हणजे काहीच नाही. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्या अडीच इंचांसाठी पहिल्या दिवशी एका काकांना ओट्यावरून पाय वर घ्यावे लागले. ते नाराज झाले, अजून आहेत. इंजिन मात्र सीटखालीच निघालं. सीट उचलून बघितलं आणि अनोळखी घरात आपल्या ओळखीचं भांडं दिसावं तसं बरं वाटलं. पट्टा लावला नाही की गाडी टुंग टुंग करत राहते. लाइनीवर दर पन्नास पावलांवर उतरायचं असतं, त्यामुळे पहाटेच्या शांत गल्ल्यांत आमची वर्दी आता ती टुंग टुंगच देते. शहागंजातलं टोस्टचं जुनं गिऱ्हाईक दुकानाचं शटर अर्धं वर करून म्हणालं, "क्या भाई, घंटी लगाके आ रहे! अब आवाज देने का काम नै."

जुन्या गाडीच्या कागदांवर पत्ता औरंगाबादचा होता, नव्या गाडीच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगरचा. घर तेच, गल्ली तीच, पाटीवरचं एमएच-२० तेच.

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. नवी गाडी दारात आली त्या दिवशी उतरले. मला वाटलं गाडीत बसतील, चालवून बघायला मागतील, निदान नारळ तरी स्वतः फोडतील. त्यांनी मागचं दार उघडायला सांगितलं. आत बराच वेळ बघितलं.

"क्रेट किती बसतात?"

"चाळीस."

"मग बारा क्रेटचं गिऱ्हाईक कुठंय?"

असं विचारून ते जिना चढून वरही गेले. मी नारळ हातात घेऊन उभा. हप्ता काढताना, पेट्रोलचा हिशेब लावताना, धाकट्याशी वाद घालताना आम्ही हजार गोष्टी मोजल्या होत्या. ही एक मोजली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्या प्रश्नाने आवाज केला. अठ्ठावीस क्रेट भरले, दार लावलं, क्रांती चौकात वळलो आणि मागे सगळं मोकळ्या जागेत घसरलं. लाद्या दबल्या, खारीचा चुरा झाला. अठरा वर्षांपूर्वी ज्या चुऱ्याच्या भीतीने हत्ती नाकारला, तो इंजिनाने नाही केला, रिकाम्या जागेने केला. दोरी बांधून बघितली, पुठ्ठे लावून बघितले. शेवटी पोऱ्याने तोड काढली. रिकामे बारा क्रेट आणून भरलेल्या क्रेटच्या मागे घट्ट रचले. माल जागचा हलला नाही.

तेव्हापासून आम्ही रोज बारा रिकामे क्रेट लाइनीवर फिरवून आणतो. पहाटे चढवायचे, सकाळी उतरवायचे. पाठ दुखते, पेट्रोल जळतं, बेकरीतली पोरं टिंगल करतात. अण्णा वरच्या गॅलरीतून बघतात, बोलत काही नाहीत.

त्या क्रेटांच्या नादाने मी वाळूजच्या बाजूला चक्कर मारू लागलो. शहराची लाइन आटोपून नगर नाक्यावरून पुढे, छोट्या पंढरपूरच्या विठ्ठलाला गाडीतूनच नमस्कार, मग कंपन्यांच्या गेटांसमोरच्या टपऱ्या. बजाजचा कारखाना इथे १९८५ पासून आहे. माल वाहणाऱ्या तीनचाकी गाड्या जिथून बाहेर पडतात, त्या रस्त्यावर अण्णांच्या अख्ख्या आयुष्यात आमची गाडी कधी गेली नव्हती. अठ्ठावीस क्रेट शहरातच संपायचे. शिफ्ट सुटल्यावर पोरं उभ्या उभ्या चहात खारी बुडवून खातात, एकेक जण चार-चार. बऱ्याच टपऱ्यांवर आधीचे माल टाकणारे पक्के होते. एकीने "ठेवा, बघू" म्हटलं.

महिनाभराने त्या बारांतला एक क्रेट भरून गेला. घरी आल्यावर जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "अण्णा, अकरा राहिले."

वरून उत्तर आलं, "परत किती आला?"