टाक्यावरचं नाव

सून म्हणून कामशेतला येऊन मला १३ वर्षं झाली. पण समोरचा डोंगर मी पाहिला तो गच्चीवर कपडे वाळत घालतानाच! यंदा पावसाळा सरता सरता शाळेतल्या आम्ही चौघीजणींनी ठरवलं, पवनानगरच्या रस्त्यानं बेडसे लेण्यांना जायचं, डोंगर ओलांडून भाज्याला उतरायचं आणि मळवलीहून लोकलनं परत. पुरी प्रदक्षिणाच म्हणा ना!

"चौघी बायकाच? आणि तिथं काम काय?" सासूबाईंनी विचारलं. काम काहीच नव्हतं. तेच सांगणं जड गेलं. पहाटे उठून पोळीभाजी, वरणभात सगळं झाकून ठेवलं, तेव्हा कुठे पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं.

लेण्यांच्या पायऱ्या जवळजवळ ४००. (चपला नकोत, कापडी बूट घाला, पाणी भरपूर घ्या.) कोकणातून बोरघाटानं वर येणारी जुनी व्यापारी वाट याच भागातून जाई, कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी तिच्याच आधारानं कोरली गेली. इथल्या उंच खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत. त्यातल्या बायकांचे दागिने पाहताना आमच्या इतिहासाच्या बाईसुद्धा इतिहास विसरल्या!

मी रेंगाळले ती मात्र पाण्याच्या टाक्याशी. तिथं ब्राह्मी लिपीतला, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा लेख आहे : महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका, आपदेवणकाची पत्नी, हिचं हे दान. वडिलांचं नाव आहे, नवऱ्याचं आहे आणि मधोमध तिचं स्वतःचं! माझं नवं नाव लग्नात तांदळात लिहिलं, तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. बी. ए.च्या प्रमाणपत्रावरचं नाव आता फक्त आईच्या तोंडी उरलंय.

पुढे डोंगरावर मोळी घेतलेल्या एक आजी भेटल्या. "कुठं गं बायांनो? देवाला का?"

"नाही आजी, नुसत्या फिरायला."

"मंग खालच्या वाटंनं जावा. वरली निसरडी हाय."

भाज्याला उतरेपर्यंत उन्हं कलली होती. घरी पोचले तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. "काय पाहिलंस एवढं?" मी टाक्याचं सांगितलं, त्या बाईच्या नावाचंही. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग मान वर न करताच त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं.

१३ वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं.